रांग जेव्हा भिंत होते

नाटक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक दिवाणखाना उभा राहतो. सोफा, टीपॉय, मागे खिडकी, उजवीकडे स्वयंपाकघरात जाणारं दार. त्या घरातली माणसं आपण बोलतो तशीच बोलतात आणि समोर प्रेक्षक बसलेत हे ठाऊकच नसल्यासारखी वागतात. हे झालं वास्तववादी नाटक. त्यात वावगं काही नाही, मराठी रंगभूमीचं बरंचसं वैभव त्याच दिवाणखान्यात साठलेलं आहे. पण नाट्यशास्त्र शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींची लवकरच एका वेगळ्या नाटकाशी गाठ पडते. तिथं सोफाही नसतो आणि दारही नसतं. एकटा नायकही बहुधा नसतो. आठ-दहा जणांचा समूह असतो, त्यांची शरीरं, त्यांचे आवाज आणि एखादी ढोलकी, एवढंच भांडवल.

हे काही परदेशातून आलेलं नवल नव्हे. भारुडात विंचू चावलेली बाई उभी करायला विंचू लागत नाही. गोंधळात नाईक कथा सांगता सांगता क्षणात राजा होतो, क्षणात राणी होतो, आणि साथीदार हुंकार देता देता त्याला मधेच प्रश्न विचारतो. समोर बसलेल्या मंडळींना त्यात काही खटकत नाही. मग विद्यार्थी कुठे अडतात? तर ही पद्धत म्हणजे नुसत्या चमत्कारिक हालचाली, असा त्यांचा समज होतो. काळे कपडे घालायचे, हात वर करून मनोरे रचायचे, सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं. एकांकिका स्पर्धांत असं पुष्कळ पाहायला मिळतं. टाळ्याही पडतात. पण मनोरा कशासाठी रचला, हे विचारलं की दिग्दर्शक गप्प.

एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्याला देवगाव फाटा रंगमंचावर आणायचा आहे. सेलू, जिंतूर आणि मंठा या तिन्ही बाजूंचे रस्ते जिथं भेटतात तो फाटा. चहाची टपरी बांधू नका, एसटीचा पत्र्याचा सांगाडा आणू नका. आठ मुलं घ्या. ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली की वाट पाहणारे प्रवासी झाले. लांबून गाडीचा आवाज त्यांच्यापैकीच एकाच्या तोंडून आला, आठही माना एकदम वळल्या, की गाडी दिसली. ती माणसं दोन रांगांत दाटीवाटीनं उभी राहून एका लयीत हिंदकळू लागली, की तीच गाडी झाली. इथवर नुसती करामत आहे. चार दिवसांच्या तालमीत कुणालाही जमेल.

आता यात नववी व्यक्ती आणा. कडेवर तापानं फणफणलेलं मूल घेतलेली एक बाई. फाट्यावर ती या आठांच्यातच उभी होती, कुणी तिला थोडं सरकून सावलीत जागाही दिली होती. गाडी आली, आठही जण चढले, आणि चढताक्षणी त्यांच्या पाठींचीच भिंत झाली. बाईला आत जायला फट नाही. भिंत कुणी बांधली? मघाशी ज्यांनी जागा दिली त्यांनीच. आता त्या आठ देहांना अर्थ आला. खरी गाडी रंगमंचावर आणली असती तर गर्दी दिसली असती, पण माणसंच दार झाली आहेत हे दिसलं नसतं. या प्रकारच्या नाटकाचं बळ इथं आहे. गोष्ट एका माणसाची न राहता समूहाची होते, आणि समूहाचं वागणं डोळ्यांना दिसेल अशा रूपात समोर येतं.

मराठीत याचा सर्वांत मोठा धडा म्हणजे ‘घाशीराम कोतवाल’. लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर यांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननं 16 डिसेंबर 1972 रोजी याचा पहिला प्रयोग केला. पुढं संस्थेनं प्रयोग थांबवले, तेव्हा ही तरुण मंडळी बाहेर पडली आणि 1973 मध्ये त्यांनी थिएटर अकादमी काढली. 1980 मध्ये नाटक युरोपात जाऊन आलं. वाद भरपूर झाले, त्यावर बोलणारे आजही पुष्कळ सापडतात. नानांचं चित्रण ऐतिहासिक की अनैतिहासिक, यावर शाईही बरीच खर्ची पडली. विद्यार्थ्यानं मात्र त्या गदारोळातून वाट काढून रांगेकडे पाहावं, असं माझं मत आहे.

या नाटकात पुण्याच्या बारा ब्राह्मणांची रांग आहे. ती गाते, डुलते, ताल धरते. तीच पडदा होते, तीच भिंत होते, तीच शहराची गर्दी होते. पात्रं तिच्यातून निघतात आणि तिच्यातच मिसळतात. नको ते घडू लागलं की रांग पाठ फिरवते. कनोजहून आलेल्या घाशीरामवर पुण्यात चोरीचा आळ येतो, त्याला अपमानित करून हाकललं जातं. सूड घेण्यासाठी तो पोटची मुलगी नानाला देऊन कोतवाली मिळवतो. मग तो त्याच पुणेकरांना छळतो, आणि अखेर नाना त्याला जमावाच्या हवाली करतो. खऱ्या इतिहासात कोतवाल घाशीरामाचा असा शेवट 1791 मध्ये झाला. घाशीरामाला घडवणारी, त्याला भिणारी आणि शेवटी दगड उचलणारी माणसं वेगवेगळी नाहीत. रांग तीच आहे. ही रांग काढून तिथं वाड्याचं झकपक नेपथ्य लावलं तर नाना आणि घाशीराम हे दोन दुष्ट उरतील आणि पुणं सुटून जाईल. रांग आहे म्हणून पुणं सुटत नाही, आणि खुर्चीत बसून त्या गाण्यावर पाय हलवणारा प्रेक्षकही सुटत नाही.

आता विश्लेषणाविषयी. परीक्षेच्या वहीत हमखास एक वाक्य असतं: ‘समूहाने सुंदर रचना सादर केल्या.’ या वाक्याला शून्य गुण द्यावेत. प्रयोग पाहताना एकच क्षण पकडावा आणि तो अगदी साध्या शब्दांत लिहावा. किती माणसं होती, कुठे तोंड करून होती, कोण रांगेतून फुटलं, आवाज कधी थांबला. मग त्याच क्षणी आपल्याला काय झालं ते लिहावं. हसू आलं? लाज वाटली? हसल्याची लाज वाटली? ‘घाशीराम’मध्ये हे फार वेळा होतं, कारण देवाचं भजन आणि शृंगाराची लावणी तिथं शेजारी शेजारी बसवली आहे. कीर्तन चालू असतानाच नानाची नजर मुलीवर जाते. सूर गोड आणि कृत्य ओंगळ, या दोहोंच्या मधल्या फटीत प्रेक्षक सापडतो. ती फट कशी तयार केली हे सांगता आलं, की विश्लेषण झालं. ब्रेख्तचं नाव त्यानंतर घ्यावं. नाव आधी घेतलं की मुलं डोळे मिटून लिहू लागतात.

स्वतः नाटक रचणाऱ्यांनाही हाच नियम. तालमीत रोज एकेकाला समोर बसवावं आणि त्याला काय दिसलं ते विचारावं. आपण झाड केलं आणि त्याला खांब दिसला, तर झाड बदलावं, त्याला समजावत बसू नये. समूहात कुणी कमी, कुणी जास्त चमकू लागला तर लय मोडते. गावाकडच्या भजनी मंडळात हे न शिकवता कळलेलं असतं. टाळ वाजवणारा पखवाजाच्या वर जात नाही.

‘घाशीराम’च्या शेवटाकडेही याच नजरेनं पाहावं. घाशीराम दगडांनी मारला जातो. नाना पुढं येतो, शहरावरची पीडा टळली म्हणून उत्सवाचा हुकूम देतो. आणि मघाशी दगड उचललेली ती रांग पुन्हा ताल धरून नाचू लागते.