गावाला गुरुजी कसे मिळतात?

मंडळी, “शेजारच्या गावाला नवे गुरुजी आले, आमच्याच शाळेला का नाहीत?” असे आपण पारावर नेहमी विचारतो. याचे उत्तर समजून घेऊ.

जिल्हा परिषदेच्या शाळेत आधी पद मंजूर व्हावे लागते. ३० सप्टेंबरची पटसंख्या पाहून शिक्षकांची संख्या ठरते. हिला संचमान्यता म्हणतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक धरले आहेत.

मग भरती. उमेदवार अभियोग्यता चाचणी देतो, ‘पवित्र’ प्रणालीवर पसंतीक्रम भरतो. गुण आणि आरक्षण पाहून त्याला जिल्हा परिषद मिळते. गाव मात्र अजून मिळायचे असते! ते मिळते समुपदेशनात. रिकाम्या जागांची यादी पुढे ठेवून गुणानुक्रमे एकेकाला शाळा निवडायला सांगतात. पहिला उमेदवार सडकेकाठचे गाव घेणार, हे उघडच आहे. त्याला दोष कसा द्यावा? पण ओढ्यापलीकडची वाडी मागे उरते, आणि उमेदवार आधी संपले तर ती तशीच राहते.

तेव्हा आपण काय करावे? एकही मूल पटाबाहेर ठेवू नये. शाळा व्यवस्थापन समितीने रिकाम्या पदाची मागणी लेखी करावी. मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून अधिक पदे रिक्त नसावीत, असे याच कायद्याचे कलम २६ सांगते. म्हणजे दोन शिक्षकांच्या शाळेत एकही जागा रिकामी चालत नाही. आणि गुरुजी आले, की त्यांच्यासाठी एक बरी खोली पाहून ठेवावी. आलेला माणूस टिकला, तरच शाळा टिकते.