पाचांचा पंच आणि सहावे संत्रे

फराळाची बशी पुढे आली की सोबत प्यायला काय द्यायचे, हा प्रश्न हल्ली घरोघरी पडतो. पाहुण्यांत एखाददुसरा व्हिस्की घेणारा असतो, बाकीचे न घेणारे. मग निम्मी मंडळी दिवाणखान्यात, निम्मी गच्चीवर, अशी ऐन सणात घराची फाळणी होते. ती टाळणारे एक जुने पेय आहे, ते म्हणजे पंच.

नावावरून ते साहेबाचे वाटते, पण त्याचा धागा आपल्याच किनाऱ्यावर सापडतो. इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर १६७० नंतर काही वर्षे इकडे होता. शिवराज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर गेलेल्या इंग्रज वकिलाची हकीकत ज्याच्या ग्रंथात येते, तोच हा. १६९८ साली निघालेल्या त्या ग्रंथात तो सांगतो, की गोव्याकडील नेरूळच्या दारूपासून इंग्रज हे पेय करतात आणि पाच जिनसांमुळे त्याला ‘पाच’ या अर्थाचे नाव मिळाले. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला हे त्याचे नेहमीचे पंचक. पुढे आयर्लंड-स्कॉटलंडकडे त्यात व्हिस्की आली. आपण सहावे नागपुरी संत्रे घालू या.

दहा पेल्यांसाठी तीन संत्र्यांच्या साली घ्याव्यात. आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून टाकावा, नाहीतर कडवटपणा येतो. सालींचे बारीक तुकडे १५० ग्रॅम साखरेत चुरडून दोन तास झाकून ठेवावेत. सालीतले सुगंधी तेल साखरेत उतरते. खरी चव तीच. त्यावर ६०० मिलिलिटर फिका, गरम, कोरा चहा ओतून ढवळावे आणि गाळून गार करावे. आयत्या वेळी अर्धा लिटर संत्र्याचा रस व पाऊण कप लिंबाचा रस घालावा. संत्र्याचा रस आधी काढून ठेवला तर कडू होतो. शेवटी वर जायफळ किसावे.

व्हिस्की मात्र अजून बाटलीतच आहे, हे ध्यानात घ्या! आता मिश्रणाचे दोन भाग करावेत. पाच जण घेणारे असतील तर निम्म्यात १५० मिलिलिटर व्हिस्की, म्हणजे पेल्याला ३० मिलिलिटर. ती मापूनच घालावी. फळांच्या गोडीत दारूचा तिखटपणा लपतो आणि दुसरा पेला कधी संपला ते कळत नाही.

आमच्याकडे पहिल्या वर्षी दोन्ही जग सारखेच होते. बारा वर्षांच्या भाच्याने भलताच पेला ओठांशी नेला. शेजारी बसलेल्या मावशींच्या नाकाला वास आला म्हणून निभावले. तेव्हापासून व्हिस्कीचा जग काचेचा, दुसरा स्टीलचा, आणि काचेचा जग घरधन्याच्या हाताशी. आंबट पदार्थ असल्याने तांब्यापितळेचे भांडे वापरू नये.

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे मद्यपानाला परवाना लागतो आणि व्हिस्कीसाठी वयाची पंचवीस वर्षे पुरी असावी लागतात. ज्यांना गाडी चालवत घरी परतायचे आहे, त्यांना स्टीलच्या जगातलेच द्यावे.

पेले सारखे, रंग सारखा, वासही जवळजवळ सारखा. कोण काय घेतो, याची चौकशी न करता सगळे एकाच चकलीच्या डब्याभोवती बसतात. सणाला आणखी काय हवे?