चढाई दिवसाची, हिशेब रात्रीचा

एव्हरेस्टच्या पायथ्याशी ५,३६४ मीटर उंचीवर असलेल्या ‘बेस कॅम्प’पर्यंतची पदयात्रा हे गिर्यारोहण नव्हे, तिच्यासाठी दोर किंवा बर्फकुऱ्हाड लागत नाही, वाट बहुतेक ठिकाणी रुंद आणि मळलेली आहे, आणि काही तासांच्या अंतराने जेवणाची व निवाऱ्याची सोय करणारी लॉज लागतात. तरीही नेपाळच्या खुंबू खोऱ्यातल्या या वाटेवरून चांगले धडधाकट लोक अर्ध्यावरून परततात, काहींना तर हेलिकॉप्टरने खाली आणावे लागते, आणि याचे मूळ पुष्कळदा पायांच्या दुबळेपणात नसून घरी बसून केलेल्या आखणीच्या घाईत असते. अशा पदयात्रेची आखणी म्हणजे रोज किती चालायचे याची आखणी नव्हे. रोज किती उंचीवर झोपायचे, याची ती आखणी असते.

असे का, हे कळण्यासाठी विरळ हवा म्हणजे काय हे आधी नीट समजून घ्यायला हवे. उंचावरच्या हवेत प्राणवायूचे प्रमाण कमी असते असे सर्रास म्हटले जाते, पण ते बरोबर नाही; समुद्रकिनारी असो वा बेस कॅम्पवर, हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब, आणि बेस कॅम्पच्या उंचीवर तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा भरत असल्याने प्रत्येक श्वासागणिक फुप्फुसांत जाणारा प्राणवायूही निम्माच राहतो. शरीर ही तूट जोरजोरात श्वास घेऊन भरून काढू पाहते. परंतु जलद श्वसनाने कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो, रक्ताची आम्लता घटते आणि मेंदूतील श्वसनकेंद्र उलट श्वासाला लगाम घालू लागते. हा लगाम सैल करण्याचे काम मूत्रपिंडे करतात, आणि रक्तातील जादा अल्कधर्मी द्रव्य लघवीवाटे बाहेर टाकून श्वसनाला मोकळीक देण्यास त्यांना काही तास नव्हे, काही दिवस लागतात. पदयात्री ज्याला ‘अ‍ॅक्लमटाइझ होणे’ म्हणतात, त्या उंचीशी जुळवून घेण्याच्या क्रियेतला हा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. झोपेत श्वसन आणखी मंदावत असल्याने रक्तातील प्राणवायू रात्री सर्वांत खाली जातो. म्हणूनच दिवसा कितीही उंच जाऊन आले तरी शरीराची खरी परीक्षा मुक्कामाच्या जागी होते.

यावरून निघालेला नियम साधा आहे: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. बेस कॅम्पच्या प्रचलित वेळापत्रकाला ही फूटपट्टी लावून पाहणे उद्बोधक आहे. विमान २,८६० मीटरवरच्या लुक्ल्याला उतरते आणि पहिला मुक्काम त्याहून खाली, २,६१० मीटरवरच्या फाकडिंगला पडतो, हे ठीकच आहे. पण दुसऱ्याच दिवशी ३,४४० मीटरवरचे नामचे बाजार गाठताना एकदम ८३० मीटरची उडी घेतली जाते. नामचेला दोन रात्री काढण्याचा प्रघात त्यामुळेच पडला आहे. नामचेनंतर तेंगबोचे ३,८६० मीटरवर आणि दिंगबोचे ४,४१० मीटरवर आहे. दिंगबोचेला पुन्हा दोन रात्री काढून मग लोबुचे आणि त्यापुढे ५,१६४ मीटरवरचे गोरक शेप हे शेवटचे मुक्कामाचे ठिकाण येते, जिथून बेस कॅम्पला जाऊन त्याच दिवशी परतायचे असते. दिवस वाचवण्यासाठी एखाद्या आयोजकाने नामचे किंवा दिंगबोचेची दुसरी रात्र गाळली असेल, तर ती सहल स्वस्त पडली तरी घेऊ नये. या दोन ‘विश्रांतीच्या’ दिवशी खोलीत पडून राहायचे नसते. चारपाचशे मीटर चढून, वर थोडा वेळ थांबून, झोपायला पुन्हा खाली यायचे असते.

या वाटेवरील घाईची किंमत वैद्यकशास्त्राने फार पूर्वीच मोजून ठेवली आहे. ४,२४३ मीटरवरच्या फेरिचे येथे २७८ पदयात्रींची पाहणी करून पीटर हॅकेट आणि ड्रमंड रेनी यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५३ टक्के लोकांना ‘अ‍ॅक्यूट माउंटन सिकनेस’, म्हणजे उंचीचा त्रास, झालेला आढळला. विमानाने थेट लुक्ल्याला आलेल्यांत, झपाझप चढलेल्यांत आणि वाटेत कमी रात्री काढलेल्यांत त्याचे प्रमाण अधिक होते, आणि वयाने तरुण असलेल्यांतही ते अधिक होते, ही त्यातली विशेष लक्षात घेण्याजोगी बाब होय. महाराष्ट्रातल्या पदयात्रींनी हा निष्कर्ष जरूर ध्यानात ठेवावा. दर रविवारी पाठीवर ओझे घेऊन सिंहगड चढणे, राजगड-तोरणा एका दमात करणे हा सराव पायांसाठी, गुडघ्यांसाठी आणि लांबलचक उतारांसाठी अत्यंत उपयुक्त आहे. परंतु राज्यातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे, म्हणजे लुक्ल्याच्या विमानतळापेक्षाही हजार मीटरहून अधिक खाली असल्याने, सह्याद्रीत कमावलेला दम विरळ हवेतील वागणुकीची कसलीच हमी देत नाही. उलट तंदुरुस्त माणूस भराभर चढू शकतो, आणि त्याला धोका नेमका तिथेच असतो.

उंचीच्या त्रासाची सुरुवात डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे आणि झोप न लागणे यांनी होते. इथवर तिथेच थांबून भागते. मात्र फुप्फुसांत पाणी साचू लागले की स्वस्थ बसल्यावरही धाप लागते आणि खोकला सुरू होतो. मेंदूला सूज येऊ लागली की तोल जातो, बोलण्यात विसंगती येते, आणि या दोन्ही अवस्थांत उपचार न मिळाल्यास माणूस काही तासांत दगावू शकतो. सूज ओळखण्याची कसोटी अगदी घरगुती आहे. संध्याकाळी लॉजच्या जेवणघरात, मधल्या शेगडीभोवती सगळे हात शेकत बसलेले असताना, फारसे न बोलणाऱ्या आणि ताट तसेच सोडून उठलेल्या माणसाला वाटाड्या फरशीवरच्या एका फळीच्या रेघेवरून चालायला सांगतो, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत. चार पावलांत तो एका बाजूला कलला, तर सकाळची वाट न पाहता, कंदील-विजेरी घेऊन, त्याला त्याच रात्री खाली न्यायला हवे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडा सोबत पाहावा, पण आकडा बरा आणि माणूस बिघडलेला असेल तर माणसावर विश्वास ठेवावा. ‘डायमॉक्स’ या नावाने ओळखली जाणारी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी मूत्रपिंडांचे वर सांगितलेले काम लवकर उरकायला मदत करते. ती घरच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी, सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास हे त्यांना आवर्जून सांगावे, आणि गोळी चालू आहे म्हणून मुक्काम गाळण्याचा विचार मनातही आणू नये.

मार्गदर्शक कशासाठी हवा, याचे उत्तर त्या संध्याकाळच्या प्रसंगात आहे. वाट तर कोणीही दाखवील. पैसे भरून, वर्षभराची रजा साठवून आलेल्या माणसाला ‘तुम्हाला आता खाली जायचे आहे’ असे सांगण्याचा अधिकार आणि धीर ज्याच्यापाशी आहे, तोच मार्गदर्शक. पैसे भरण्यापूर्वी आयोजकाला विचारायचे प्रश्न म्हणून वेगळे असतात: एकाला खाली न्यावे लागल्यास त्याच्यासोबत कोण जाणार आणि उरलेल्यांना कोण सांभाळणार, म्हणजे बारा जणांमागे सहायक किती, मार्गदर्शकाचा निर्णय अखेरचा राहील हे लेखी दिले आहे काय, आणि पोर्टर कोठे झोपतात, त्यांना गरम कपडे व विमा आहे काय. शेवटचा प्रश्न भिडेखातर बहुतेक जण विचारत नाहीत, तो विचारलाच पाहिजे. खुंबूत ओझी वाहणारे पुष्कळ जण तिथले शेर्पा नसून खालच्या डोंगरांतून आलेले राई, तामांग असे लोक असतात, उंचीचा त्रास त्यांनाही होतो, आणि रोजगार बुडेल या भीतीने ते तो लपवतात. दोघा पाहुण्यांचे सामान एका पोर्टरकडे असते हे ध्यानात ठेवून डफल बॅग भरताना हात आखडता घेणे, हा आखणीचाच भाग आहे.

विम्याचे कागद बारकाईने वाचावे लागतात, कारण परदेश प्रवासाच्या पुष्कळ पॉलिसी ठरावीक उंचीच्या वरची पदयात्रा वगळतात. ६,००० मीटरपर्यंतची आणि हेलिकॉप्टरने सुटका करण्याचा खर्च देणारी पॉलिसी पाहावी. गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून विमा कंपन्यांकडून पैसे उकळण्याचे प्रकार नेपाळ सरकारच्या २०१८ मधील चौकशीत उघडकीस आले आहेत, म्हणून विमा कंपनीचा आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक आयोजकाकडे न सोपवता स्वतःजवळ बाळगावा.

हंगाम दोनच: मार्च ते मे आणि पावसाळा सरल्यावरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर. दुसऱ्या हंगामात आकाश अधिक स्वच्छ असते, पण तोच बंगालच्या उपसागरातील वादळांचाही काळ असतो. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी विशाखापट्टणमजवळ धडकलेल्या ‘हुदहुद’ चक्रीवादळाच्या उरल्यासुरल्या ढगांनी दोनच दिवसांनी अन्नपूर्णा परिसरातील ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग ला खिंडीत आणि आसपास हिमवादळ आणले आणि त्यात चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. राखीव दिवस ठेवायचे ते यासाठी. लुक्ल्याची धावपट्टी अवघी ५२७ मीटर लांबीची, चढावर बांधलेली आणि एका टोकाला डोंगर असलेली आहे, त्यामुळे दरीत ढग उतरले की विमाने थांबतात, आणि गर्दीच्या हंगामात ती काठमांडूऐवजी चार-पाच तासांच्या रस्त्यावरच्या रामेछापहून सुटतात. काठमांडूहून मुंबईला परतण्याचे तिकीट लुक्ल्याच्या विमानानंतर किमान दोन दिवस मोकळे सोडून काढावे; ते दोन दिवस वर, नामचे किंवा दिंगबोचेला, एखाद्या आजारी सोबत्यासाठी खर्ची पडले, तरी त्यांचा उपयोग झालाच असे समजावे.