काळ्या कातळाचे रंग

अजिंठ्याच्या चित्रांतला हिरवा रंग आला कुठून? चित्रकारांच्या पायाखालून! साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे थरावर थर साचले. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे पाझरत्या पाण्यानं त्या पोकळ्यांत निळसर हिरवं खनिज साठवलं. त्याचं नाव सेलॅडोनाइट. तीच चित्रकारांची हिरवी माती. तांबडा रंग गेरूचा, पिवळाही मातीचाच आणि काळा दिव्याच्या काजळीचा. परका म्हणावा असा एक निळा. तो लाजवर्द दगडाचा, अफगाणिस्तानातून आलेला. पाचव्या शतकातल्या त्या कलावंतांनी डोंगर कोरला आणि दख्खनचीच माती वाटून त्याला परत लावली.

अजिंठ्याची ही डोंगररांग पूर्वेला बुलढाणा जिल्ह्यात शिरते. जिल्ह्याच्या दक्षिणेला, लोणारला, याच काळ्या कातळावर आभाळातून घाव बसला. उल्का इतक्या वेगानं आदळली की दगडातल्या काही स्फटिकांची काच झाली आणि जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर पडलं.

१८४४ साली मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल अजिंठ्याला आला. काम ठरलेलं होतं: चित्रांच्या नकला करून लंडनला पाठवायच्या. अजिंठा गावच्या बारादरीत त्यानं बिऱ्हाड केलं. तिथल्या पारोशी त्याचं प्रेम जुळल्याची गोष्ट लोक सांगतात. तिची कबर त्याच गावात आहे. तैलरंगातल्या त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत जळाल्या. मूळ चित्रांचे मातीचे रंग मात्र आजही भिंतीवर आहेत. एव्हाना गिलच्या हाती कॅमेराही आला होता. त्या दशकात त्यानं लोणारच्या दैत्यसूदन मंदिराची छायाचित्रं टिपली. नकला गेल्या तरी त्यानं हा मुलूख सोडला नाही. १८७९ मध्ये तो वारला, त्याची कबर भुसावळला आहे.

गिलच्या काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांत एक गोष्ट मावणारी नव्हती: लोणारच्या विवरातल्या तळ्याच्या पाण्याचा रंग. खारट, अल्कधर्मी पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म शेवाळांमुळे ते एरवी हिरवं दिसतं. जून २०२० मध्ये मात्र ते चक्क गुलाबी झालं! पाणी आटलं, खारेपणा वाढला आणि मिठात रमणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांना बहर आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं त्याचा छडा लावला. पुढे पावसानं तो रंग ओसरला.

तेव्हा लोणारचं चित्र काढणाऱ्यानं कुठला रंग खरा मानायचा? एका दुपारी काठावर बसून हे ठरत नाही. पाणी कधी चढतं, कधी आटतं, कातळ पावसात किती काळा पडतो, हे ऋतूमागून ऋतू बघणाऱ्यालाच कळतं. चित्रकाराचं गावाशी नातं जुळतं ते असं. जन्म तिथं झाला नसला तरी.