कोपराची कळ : आराम थोडा, व्यायाम मोजून

चहाचा भरलेला कप उचलताना कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते. कपडे पिळताना, पोळ्या लाटताना ती वाढते. हे दुखणं बहुधा टेनिस एल्बोचं असतं. २००४ मध्ये सचिन तेंडुलकरला त्याने ग्रासलं, २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि हे नाव आपल्या घराघरांत पोहोचलं. पण रॅकेट किंवा बॅट कधी हातात न धरलेल्यांनाही ते होतं. सुतार, रंगारी, पोळ्या करणाऱ्या बायका, दिवसभर माउस धरणारे, अशा तेच ते काम करणाऱ्या हातांना, विशेषतः पस्तिशीनंतर. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते. बहुतेकांचं कोपर वर्षभरात बरं होतं.

मनगट वर उचलणारे स्नायू ज्या टेंडनने कोपराच्या हाडाला जोडलेले असतात, तो टेंडन इथे दुखावतो. टेंडनचं चयापचय संथ, म्हणून झीजही सावकाश भरून येते. रोजचा ताण या भरून येण्याच्या वेगाहून जास्त झाला की आतल्या तंतूंची वीण विस्कटते. जुन्या दुखण्यात सूज कमी आणि ही मोडतोड जास्त असते. त्यामुळे वेदनाशामक गोळी किंवा मलम कळ कमी करतं, टेंडन दुरुस्त करत नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे छान वाटतं. पण वर्षभरानंतर पाहिलं तर ते न घेतलेल्यांची प्रकृती अधिक चांगली आढळली आहे.

पहिले काही दिवस

दुखवणारं काम कमी करा, पण हात बांधून ठेवू नका. बादली, कुकर, पिशवी उचलताना तळवा वरच्या बाजूला आणि कोपर अंगाजवळ ठेवा. कपडे न पिळता निथळत टाका. टॉवेलात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावा. गरम शेकाने बरं वाटत असेल तर तो घ्या. दुखऱ्या जागी जोरजोरात रगडून मालीश मात्र नको.

मग व्यायाम

खरं औषध हेच आहे. टेंडनला बळकट व्हायला ताण लागतो, फक्त तो मोजका हवा. टेबलावर हात ठेवा, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. दुसऱ्या हाताने पंजा खाली दाबा आणि दुखऱ्या हाताने तो दाब न हलता पेला. तीस ते पंचेचाळीस सेकंद, चार-पाच वेळा, रोज.

हे सोपं वाटू लागलं की त्याच स्थितीत अर्ध्या लिटरची भरलेली बाटली धरा. दुसऱ्या हाताच्या आधाराने मनगट वर न्या आणि चार आकडे मोजत सावकाश खाली आणा. पंधरा वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. दहापैकी तीन-चार इतकं दुखलं तरी चालेल. दुसऱ्या सकाळी ते वाढलेलं नसावं. वाढलं तर वजन कमी करा, व्यायाम सोडू नका. फरक दिसायला सहा आठवडे लागतात, चांगली ताकद यायला तीन महिने.

डॉक्टरांकडे कधी?

कट्‌कन आवाज होऊन ताकद गेली, पडल्यानंतर दुखू लागलं, लाली आणि ताप आला, बोटं बधिर झाली, तर थांबू नका. सहा आठवडे व्यायाम करूनही उतार नसेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा. या गोळ्यांनी टेंडन दुखावू, क्वचित तुटूही शकतो.

हा व्यायाम फुकट आहे, पण तो फळाला यायला हाताचं रोजचं ओझं उतरावं लागतं. ज्या बाईने दोन्ही वेळच्या पोळ्या लाटायच्या, धुणं पिळायचं आणि पाणीही भरायचं, तिचा टेंडन भरून येणार कधी? म्हणून या तीन महिन्यांत लाटणं आणि बादली घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हातात घ्यायला हवी. व्यायामाइतकाच तोही उपचाराचा भाग आहे.