सफरचंद आणि चिकू : बालवाडीच्या वर्गातले दोन पाहुणे

बालवाडीच्या हस्तपुस्तिकांत सफरचंदाला मानाचे पान असते. लाल रंग ओळखायचा तर सफरचंद, मोजायचे तर सफरचंदे, गोल गिरवायचा तर तोही त्याचाच. बोईसरच्या पश्चिमेला, समुद्रकाठच्या नवापूरमध्ये मात्र मुलांना हे झाड पाहायला मिळत नाही. सफरचंदाच्या बहुतेक जुन्या जातींना नीट फुलण्यासाठी हिवाळ्यात सुमारे हजार तासांची कडक थंडी लागते; ती किनाऱ्यावर कुठून येणार? फळ येते ते बाजारातून, हिमाचल-काश्मीरचा प्रवास करून.

म्हणून ते वर्गातून वगळावे असे आम्हाला वाटत नाही. पण चित्रातल्या सफरचंदाला वास नसतो, वजन नसते आणि ते कापताही येत नाही. साऱ्या वर्गासाठी एकच आणा, पण खरे आणा; आणि त्याच्या शेजारी डहाणू-घोलवडकडचा चिकू ठेवा.

आधी दोन्ही फळे हातोहात फिरू द्या. गुळगुळीत कोणते, खरखरीत कोणते? डोळे मिटून ओळखता येते का? मग शिक्षकांनी सफरचंद देठ वर धरून मधोमध आडवे कापावे. आत काय दिसेल, हे मुलांना कापण्यापूर्वीच विचारा. पाच पाकळ्यांची चांदणी दिसली की वर्गात गलका होतोच. त्या पाच कप्प्यांत बहुधा दोन-दोन बिया असतात. काही पोचट निघतात. चिकूत काळ्या चकचकीत बिया किती निघतील याचा नेम नाही. प्रत्येक गटाने आपापल्या चिकूच्या बिया मोजून फळ्यावर तितके ठिपके काढावेत. (चिकूच्या बीला आकडा असतो, तो घशात अडकू शकतो. बिया तोंडात जाऊ देऊ नका.)

आता फळांची टोके पहा. सफरचंदाच्या देठासमोरच्या टोकाला सुकलेली बारीक पाने दिसतात. ती फुलाची निदले. चिकूची निदले कुठे आहेत? देठापाशी! पेरू, जाम, डाळिंब, वांगे, टोमॅटो आणून मुलांना दोन गट करू द्या. वरच्या वर्गांना कारण सांगता येईल : सफरचंदाच्या फुलात बीजकोश निदलांच्या खाली असतो, चिकूच्या फुलात वर. सफरचंदाचा आपण खातो तो गर तर मुख्यतः बीजकोशाभोवतीच्या भागाचा असतो, म्हणून त्याला छद्मफळ म्हणतात. काजूचे बोंडही त्याच पंगतीतले.

उरलेल्या सफरचंदाच्या फोडींपैकी एक उघडी ठेवा, एकीला लिंबू चोळा, एक मिठाच्या पाण्यात बुडवा. उघडी फोड थोड्या वेळात तपकिरी होते, कारण कापलेल्या पेशींतील विकर आणि हवेतील प्राणवायू एकत्र काम करतात. लिंबातील आम्ल त्या विकराला मंद करते. लहानांना हे स्पष्टीकरण नको. कोणती फोड आधी काळवंडली, एवढे त्यांनी सांगितले तरी पुष्कळ.

अख्खे सफरचंद बादलीत तरंगते. त्याच्या आकारमानाचा जवळजवळ पाव भाग हवेचा असतो. चिकूचे काय होते, ते आम्ही येथे सांगत नाही. मुलांनी आधी अंदाज करावा, मग टाकून पहावे.

परिसरातल्या वस्तूंवर बालशिक्षण उभे करण्याची ही रीत आपल्याच जिल्ह्यात रुजली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरीची महागडी साधने खेड्याला परवडणार नव्हती. त्यांनी बिया, शिंपले, पाने, खडे यांनाच साधने केले. नवापूरच्या किनाऱ्यावर शिंपल्यांचा तोटा नाही, तेव्हा चिकूच्या बियांशेजारी तेही मोजायला घ्या.

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांमुळे अनेक वर्गांत परप्रांतीय मुले असतात. एकच फळ कोणाच्या घरी सेब, कोणाच्या घरी सफरजन. घरी काय म्हणतात ते प्रत्येकाला विचारा आणि सगळी नावे फळ्यावर मांडा. एरवी गप्प बसणारे मूल अशा वेळी हमखास बोलते.

शेवटी बिया. चिकूची बी कुंडीत पेरा. उगवायला महिना तरी लागेल, पेरल्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. सफरचंदाच्या बीला आधी दोन-तीन महिने ओलसर थंडी हवी. ओल्या फडक्यात गुंडाळून ती कोणाच्या तरी घरच्या फ्रिजमध्ये ठेवायला द्या. ती आधी उगवेल की चिकू, याचा अंदाज मुलांकडून आजच लिहून घ्या.