सिग्नल आणि वाहन यांच्या संवादाची भाषा

गजबजलेल्या रस्त्यावरील सिग्नल ही मुळात एक चिन्हव्यवस्था होय. तांबडा, पिवळा व हिरवा या तीन रंगांत तिचा सारा शब्दसंग्रह आटोपतो, आणि तिचा अर्थ वर्तमानकाळापुरताच असतो. हिरवा दिवा ‘आता जावे’ एवढेच सांगतो. तो किती वेळ टिकेल, हे सांगत नाही. संबद्ध वाहनांच्या तंत्रात सिग्नलचा नियंत्रक हाच आशय रेडिओलहरींच्या द्वारे वाहनातील यंत्रास कळवितो. तेथे ही तुटपुंजी भाषा अपुरी पडते.

अमेरिकेत या संवादाचा शब्दकोश एस. ए. ई. या अभियंत्यांच्या संस्थेने सिद्ध केला असून तो ‘जे २७३५’ या क्रमांकाने ओळखला जातो. त्यातील दोन संदेशांचा अन्वय परस्परांवाचून लागत नाही. ‘स्पॅट’ हा संदेश सामान्यतः सेकंदास दहा वेळा प्रक्षेपित होतो आणि कोणत्या दीपगटाची अवस्था काय आहे, हे सांगतो. परंतु दुसरा गट हिरवा, म्हणजे कोणासाठी हिरवा? सर्वनाम ऐकू यावे, पण ते कोणत्या नामाबद्दल आले हे कळू नये, तशी ही स्थिती होय. ‘मॅप’ हा संदेश चौकातील मार्गिकांची आखणी देऊन प्रत्येक मार्गिका कोणत्या गटाच्या अधीन आहे, ते स्पष्ट करतो. ही जोडणी चुकली, तर दिवा अचूक असूनही वाहनास मिळणारा अर्थ खोटा ठरतो.

दुसरी अडचण काळाची. वर्दळ पाहून अवधी कमीअधिक करणाऱ्या सिग्नलला हिरवा दिवा नेमका केव्हा संपेल, हे स्वतःलाच ठाऊक नसते. म्हणून संदेशात लवकरात लवकर व उशिरात उशिरा अशा दोन मर्यादा देण्याची सोय आहे. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे, तर ‘संपेल’ हा स्वार्थ येथे लागू नाही. ‘संपावा’ हा विध्यर्थच योग्य. यंत्राने शक्यतेलाच निश्चय मानून चालकास सेकंद मोजून दाखविले, तर तो वेग वाढवील आणि चौकात पोहोचेपर्यंत दिवा पिवळा झालेला असेल.

वाहनासही या संवादात बोलता येते. युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी भागात रेडवुड रोडवर २०१७ साली ही सोय बसगाड्यांसाठी अमलात आली. वेळापत्रकाच्या मागे पडलेली बस सिग्नलकडे प्राधान्याची विनंती करते. ती मान्य करणे वा न करणे नियंत्रकाच्या हाती असते.

पुढे माध्यमच पालटले. १९९९ मध्ये या कार्यासाठी राखून ठेवलेल्या ७५ मेगाहर्ट्झ पट्ट्यापैकी ४५ मेगाहर्ट्झ अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने २०२० मध्ये अन्य उपयोगांस दिले. उरलेल्या ३० मध्ये जुन्या रेडिओपद्धतीऐवजी सेल्युलर पद्धती स्वीकारली. चौकाचौकांत बसविलेली जुनी यंत्रे त्यामुळे कालबाह्य ठरली. संदेशांचा शब्दकोश मात्र टिकला. मोडीची जागा देवनागरीने घेतली म्हणून मराठी भाषा पालटली नाही, तद्वतच हे होय.

तेव्हा अशी योजना आखताना केवळ यंत्रे मोजून भागणार नाही. प्रत्येक चौकाचा नकाशा अचूक आहे काय, आणि अनिश्चित ते अनिश्चित म्हणूनच सांगितले जाते काय, हे आधी तपासावयास हवे. यंत्र बदलता येते; चुकीच्या अर्थाचे मोल मात्र रस्त्यावरील माणसास द्यावे लागते.